धनराज पिल्ले : नोंदवहीत न मावलेला कर्णधार

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिचे माजी विद्यार्थी गावापासून शेकडो मैल दूर, होसूर रस्त्यालगतच्या या नगरीत एकत्र जमतात, ही घटना मराठी शाळेच्या इतिहासात नोंद घ्यावी अशीच आहे. येथे जमलेल्यांनी शाळेतून गुणपत्रिका नेली, पुढे पदव्या संपादन केल्या आणि स्वतःच्या बुद्धीच्या बळावर या परक्या भूमीत पाय रोवले. अशा मेळाव्यात एखाद्या शास्त्रज्ञाचे वा उद्योजकाचे चरित्र कथन केले जाईल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज मात्र एका खेळाडूचे चरित्र आपल्यापुढे ठेवायचे आहे. शालेय गुणपत्रिकेच्या जोरावर तो मोठा झाला नाही. ऑलिंपिकचे पदकही त्याच्या गळ्यात कधी पडले नाही. तरीही भारतीय हॉकीच्या गेल्या चार दशकांचा विचार त्याचे नाव टाळून करता येत नाही. तो खेळाडू म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले.

हा विषय येथे निवडण्यास आणखी एक कारण आहे. १९७८ च्या सुमारास कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात सुमारे ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी आकाराला येऊ लागली. कामाच्या ओढीने देशभरातून माणसे येथे आली. त्यांच्या मागोमाग संसार आले, भाषा आल्या, सणवार आले. खडकीचा इतिहासही याहून फारसा वेगळा नाही. १८१७ च्या लढाईमुळे हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात आले. पुढे तेथे लष्कराची छावणी बसली. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. छावणी आणि कारखाना म्हटले की कामकरी माणसे येणारच. त्यांच्यात तमिळ भाषिक कुटुंबे मोठ्या संख्येने होती. आज मराठी माणूस जसा पोटासाठी कन्नड मुलखात आला आहे, तशीच ती तमिळ माणसे पोटासाठी मराठी मुलखात आली, रुजली आणि खडकीचीच झाली. नागलिंगम आणि आंदाळम्मा पिल्ले हे दांपत्य त्यांपैकीच एक. त्यांच्या घरी १६ जुलै १९६८ रोजी धनराजचा जन्म झाला.

घर कारखान्याच्या कामगार वसाहतीतले. वडील मैदानाची देखभाल करीत. पाच मुलगे, मिळकत बेताची. हॉकीची नवी काठी ही त्या घराला परवडणारी वस्तू नव्हती. मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेले चेंडू आणि मोडलेल्या काठ्या गोळा करून ही भावंडे खेळत. वसाहतीचे मैदानही ओलसर, चिकट मातीचे. अशा जमिनीवर चेंडू सरळ धावत नाही. तो मध्येच अडखळतो, उसळतो, दिशा बदलतो. तेथे चेंडू काठीला चिकटवून ठेवायचा तर मनगट आणि नजर दोन्ही जागी असावी लागतात. या मुलांना प्रशिक्षक नव्हता. मैदानच त्यांना शिकवीत होते.

आणि या सर्वांच्या पाठीशी उभी होती आई. घरात चणचण असताना पाचही मुलांनी खेळावे, असे वाटणारी आई त्या काळात विरळाच. मुलाने शिकून लवकर नोकरीला लागावे, हीच गरीब घरातील रास्त अपेक्षा असते. आंदाळम्मांनी मुलांना मैदानावर जाऊ दिले. एवढेच नव्हे, तर त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे धनराजचे इंग्रजी चरित्र २००७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पत्रकार संदीप मिश्र यांनी त्याला ‘फरगिव्ह मी अम्मा’ असे नाव दिले. मोठ्या कर्णधाराच्या चरित्राच्या मुखपृष्ठावर आईला उद्देशून क्षमायाचना असावी, यातच त्या माउलीचे स्थान कळून येते.

धनराज आघाडीच्या फळीत खेळत असे. बालमित्रांसाठी सांगायचे तर, हॉकीच्या संघात प्रत्येकी अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक आणि बचावफळी आपले घर राखतात, मधली फळी चेंडू खेळता ठेवते आणि आघाडीची फळी प्रतिस्पर्ध्याच्या घरात घुसते. गोल करायचा तर फटका गोलासमोरच्या अर्धवर्तुळातूनच मारावा लागतो. म्हणून आघाडीच्या खेळाडूला बचावपटूंच्या गर्दीतून वाट काढत त्या अर्धवर्तुळात शिरावे लागते. मोहम्मद शाहिद या लखनौमार्गे पुढे आलेल्या बनारसच्या खेळाडूची चेंडू खेळवण्याची पद्धत पाहून सारा देश तेव्हा मोहित झाला होता. खडकीचा हा मुलगा त्याचीच नक्कल करी. नक्कल करता करता त्याला स्वतःची चाल सापडली. शाहिदच्या कौशल्याला धनराजने वेगाची जोड दिली. मानेवर रुळणारे केस उडवीत, चेंडू काठीच्या टोकाशी ठेवून तो धावू लागला की प्रेक्षक जागेवरून उठत.

हा वेग त्या काळाची गरजही होती. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली. सपाट मैदानावर चेंडू झपाट्याने धावू लागला आणि नाजूक कलाकारीपेक्षा दमसास व वेग यांना महत्त्व आले. श्रीमंत देशांनी अशी मैदाने गावोगावी उभारली. आपल्याकडे ती मोजकीच होती आणि आपली मुले गवतावर किंवा मातीतच खेळत मोठी होत होती. १९८० साली मॉस्कोला मिळालेले सुवर्णपदक हे भारताचे हॉकीतील आठवे. त्यानंतर दीर्घ दुष्काळ सुरू झाला. धनराज ज्या काळात भारतीय संघात आला, तो हा दुष्काळाचा काळ होता. हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तो मुंबईस आला. थोरला भाऊ रमेश तेथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीच्या संघाकडून खेळत होता आणि तो स्वतः भारतातर्फे खेळलेला होता. भावाने धाकट्याला आधार दिला, मार्ग दाखवला. पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन धनराजला लाभले. कालांतराने तो इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत गेला. त्या काळी कारखाने, रेल्वे, बँका, विमानसेवा खेळाडूंना नोकऱ्या देत आणि त्यांच्या बळावर खेळ जगत असे. गरिबाघरच्या मुलाला खेळावर पोट भरता येते, ही खात्री याच व्यवस्थेने दिली.

डिसेंबर १९८९ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या आशिया चषकात त्याने भारताकडून पदार्पण केले. अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरवले. त्या दिवसापासून ऑगस्ट २००४ पर्यंत, सुमारे पंधरा वर्षे, तो भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. बार्सिलोना, अटलांटा, सिडनी आणि अथेन्स ही चार ऑलिंपिक; १९९० ते २००२ या काळातील चार विश्वचषक; १९९५, १९९६, २००२ आणि २००३ च्या चार चॅम्पियन्स करंडक स्पर्धा; आणि बीजिंग, हिरोशिमा, बँकॉक व बुसान येथील चार आशियाई स्पर्धा. चार प्रकारच्या स्पर्धा आणि प्रत्येक चार वेळा, असा योग अन्य कोणत्याही खेळाडूच्या वाट्याला आलेला नाही.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्या चार ऑलिंपिकमध्ये भारताचा क्रमांक अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा आणि सातवा लागला. चार विश्वचषकांत सर्वांत चांगली कामगिरी १९९४ मध्ये सिडनीला झाली. तेव्हा भारत पाचवा आला. त्याच स्पर्धेनंतर निवडलेल्या जागतिक संघात ज्या एकमेव भारतीयाला स्थान मिळाले, तो धनराज होता. संघ पाचवा येतो आणि त्यातील एक जण जगातल्या सर्वोत्तम अकरांमध्ये गणला जातो! पदकतक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही.

येथे क्षणभर दुसऱ्या हॉकीकडे वळू. आपल्याला हॉकी म्हटले की हिरवे मैदान आठवते. कॅनडा, अमेरिका, रशिया या देशांत हॉकी म्हणजे बर्फावरची. येथे जमलेल्यांपैकी कामानिमित्त तिकडे राहून आलेल्यांनी ती पाहिली असेल. त्या खेळातील कर्णधाराच्या सदऱ्यावर छातीशी एक खास अक्षर शिवलेले असते. कॅनडातील ब्रँटफर्ड गावी वॉल्टर ग्रेट्स्की नावाच्या गृहस्थांनी हिवाळ्यात घराच्या परसात पाणी सोडून मुलांसाठी बर्फाचे मैदान केले. त्यावर घसरत शिकलेला त्यांचा मुलगा वेन पुढे या खेळाचा अनभिषिक्त सम्राट ठरला. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक साखळीत त्याने नियमित हंगामांत ८९४ गोल केले. हा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये मोडला गेला. वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाचा कर्णधार आणि आघाडीचा खेळाडू अलेक्झांडर ओवेच्किन याने ८९५ वा गोल केला, तेव्हा चालू सामना थांबवून त्याचा गौरव करण्यात आला. कोणता गोल कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला, कोणाच्या साह्याने झाला, याची तेथे चोख नोंद असते.

आणि धनराज पिल्ले याचे गोल किती? याला अधिकृत उत्तर नाही. भारतीय हॉकी महासंघाने त्याच्या गोलांची नोंदच ठेवली नाही. तो स्वतः आणि हॉकीचे जाणकार हा आकडा १७० च्या पुढे असल्याचे सांगतात. पंधरा वर्षे देशाच्या आघाडीवर लढलेल्या कर्णधाराच्या गोलांचा हिशोब देशाच्या दप्तरात नसावा, ही उणीव त्याच्या खेळातली नव्हे. ती नोंद ठेवणाऱ्यांची आहे. परसात बर्फ तयार करणारा बाप आणि मोडक्या काठ्यांनी खेळणाऱ्या मुलांना उत्तेजन देणारी आई यांची माया एकाच जातीची. दोन्ही मुलांच्या गुणांत उणे-अधिक करण्याचेही कारण नाही. अंतर पडले ते समाजाने त्या गुणांची जी कदर केली, तिच्यात.

या कदरीचा प्रश्न १९९८ साली फार ठळकपणे पुढे आला. त्या वर्षीच्या डिसेंबरात बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत धनराज भारताचा कर्णधार होता. प्रशिक्षक होते महाराज कृष्ण कौशिक. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत धनराज अग्रभागी राहिला. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता. ठरलेल्या आणि वाढीव वेळेतही निकाल लागेना, तेव्हा तो पेनल्टी स्ट्रोकवर गेला. जेमतेम साडेसहा मीटरवरून मारलेला फटका अडवणे म्हणजे निमिषार्धाचा खेळ. त्या प्रसंगी गोलात उभा होता आशिष बल्लाळ, ज्याने पुढे याच बंगळुरूत मुलांना हॉकी शिकवण्याचे काम हाती घेतले. बल्लाळने निर्णायक फटके अडवले आणि भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. यापूर्वीचे सुवर्ण १९६६ चे आणि तेही बँकॉकचेच. मधली बत्तीस वर्षे त्या रात्री भरून निघाली.

अशा विजयानंतर संघाचे काय व्हावे? पुढच्याच मालिकेसाठी संघ निवडला गेला, तेव्हा कर्णधार धनराज आणि त्याच्यासह सहा ज्येष्ठ खेळाडूंची नावे त्यात नव्हती. नवोदितांना संधी देण्यासाठी ज्येष्ठांना विश्रांती दिली, असे अधिकृत कारण सांगण्यात आले. परंतु खेळाडूंना सामन्यांचे मानधन मिळत नाही, लांबच्या दौऱ्यांवर पुरेशी सोय होत नाही, असे कर्णधाराने उघडपणे बोलून दाखवले होते. त्याचीच ही शिक्षा, असा समज देशभर झाला.

येथे कर्णधार या शब्दाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. मूळ संस्कृतात कर्ण म्हणजे नावेचे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. सुकाणू धरणाऱ्याने वारा अनुकूल असतानाच बोलावे, असा नियम नाही. नावेत पाणी शिरत असेल तर ते सर्वांत आधी त्यानेच सांगितले पाहिजे. धनराज स्वभावाने तापट होता. त्याचे बोलणे अनेकदा तिखट असे आणि संयम राखला असता तर काही वाद टळलेही असते. तथापि त्या दिवशी मागितलेली गोष्ट त्याने एकट्यासाठी मागितली नव्हती. ज्या मुलांमागे घरी कामगार वसाहतीतली खोली आणि थकलेले आईवडील होते, त्या सर्वांच्या वतीने तो बोलला आणि त्याची किंमतही त्याने मोजली. पुढे तो संघात परतला. १९९५ साली अर्जुन पुरस्काराने आणि १९९९-२००० साठी राजीव गांधी खेलरत्न पुरस्काराने त्याचा सन्मान झाला. २००१ साली पद्मश्रीही मिळाली.

देशाकडून खेळून घर चालत नसेल तर खेळाडूने काय करावे? धनराजने जे केले ते येथे बसलेल्यांना नवे वाटणार नाही. तो परदेशी गेला. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लिऑन, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील क्लब, ढाक्याचा अबाहनी, हाँगकाँगचा खालसा क्लब, अशा अनेक संघांतून तो व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळला. नवी भाषा, निराळे अन्न, अनोळखी सोबती आणि खांद्यावर काठ्यांची पिशवी! आपली विद्या घेऊन परमुलखी जाणे, तेथे घाम गाळणे आणि मिळालेले घराकडे धाडणे हा इलेक्ट्रॉनिक सिटीतील घराघराचा अनुभव आहे. व्यावसायिक या शब्दाला आपल्याकडे उगीचच पैशाचा वास चिकटला आहे. आपले काम नेमाने, पूर्ण तयारीनिशी आणि मोबदल्याच्या मोलाचे करून देणारा तो व्यावसायिक. देशाची हाक आली की धनराज परतत असे, हेही त्याच व्यावसायिक निष्ठेचे अंग होते.

सप्टेंबर २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकचा एक सामना अनेकांच्या स्मरणात असेल. पोलंडला हरवले की भारत उपांत्य फेरीत पोहोचणार होता. भारत १-० असा पुढे होता. शेवटची दोन मिनिटेही उरली नसताना पोलंडने बरोबरी साधली आणि वीस वर्षांनी उघडू पाहणारे दार पुन्हा मिटले. बत्तीस वर्षांचा धनराज ढसाढसा रडला. एवढा मोठा खेळाडू असा रडतो, याचे काहींना नवल वाटले. परंतु हार मनाला लागते, कारण आपण त्या कामात स्वतःला ओतलेले असते. परीक्षेत दोन गुणांनी मागे पडलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत पाणी येते, तेव्हा शिक्षकांनी आणि पालकांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या वेळी त्याला प्रश्न विचारू नयेत. पाठीवर हात ठेवावा.

रडून झाल्यावर धनराजने काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. तो पुन्हा सरावाला लागला. २००२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे झालेल्या चॅम्पियन्स करंडकात वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढल्या वर्षी क्वालालंपूरला आशिया चषक होता आणि कर्णधारपद पुन्हा त्याच्याकडे होते. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी पुन्हा पाकिस्तान. भारताने ४-२ अशी मात केली आणि इतिहासात प्रथमच आशिया चषक जिंकला. १९८९ साली ज्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील पराभव पाहत त्याची कारकीर्द सुरू झाली, तोच चषक चौदा वर्षांनी, त्याच प्रतिस्पर्ध्याला नमवून, त्याने कर्णधार म्हणून हाती घेतला. अथेन्स ऑलिंपिक हे त्याचे शेवटचे. तेथे त्याला फार थोडा वेळ मैदानावर उतरवण्यात आले. पंधरा वर्षांच्या सेवेला शोभेल असा निरोप काही त्याला मिळाला नाही.

तरी काठी खाली ठेवणे त्याला जमेना. देशात प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा तो मराठा वॉरियर्स संघाकडून खेळला. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी भरली, त्या वेळी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने कर्नाटक लायन्सचा सदरा अंगावर चढवला. ज्याच्या घरात तमिळ बोलली जाई, तो खडकीचा मुलगा मराठ्यांच्या नावाचा संघ घेऊन लढला आणि पुढे कन्नड भूमीच्या नावाच्या संघातून खेळला. तो नेमका कोणाचा, हा प्रश्न खडकीने विचारला नाही, मुंबईने विचारला नाही आणि बंगळुरूनेही विचारला नाही. परप्रांतात मुले वाढवणाऱ्या मराठी आईबापांना यात मोठा दिलासा आहे. घरची भाषा घरात जपावी. ज्या मातीने जागा दिली तिच्या मैदानावर मात्र मनःपूर्वक उतरावे. या दोन निष्ठांत वैर नाही.

बंगळुरूचे आणि हॉकीचे नातेही जुने आहे. कोडगूच्या डोंगराळ मुलखाने देशाला मोलाचे हॉकीपटू दिले. याच शहरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात राष्ट्रीय संघाची शिबिरे भरतात. २०२० च्या टाळेबंदीत भारतीय खेळाडू याच केंद्रात अडकून पडले होते. घरी जाता येईना, सराव करता येईना. त्या संघाने ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो येथे जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्यपदक मिळवले आणि ४१ वर्षांचा दुष्काळ संपला. २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य मिळाले. पदके या मुलांच्या गळ्यात पडली आणि ती त्यांनी स्वकष्टाने मिळवली, यात शंका नाही. परंतु दुष्काळात ज्यांनी बियाणे जपून ठेवले, त्यांच्यामुळेच पुढची पेरणी झाली, हेही तितकेच खरे. भारतीय हॉकी पाहावी असे ज्या काळात फारसे काही उरले नव्हते, त्या काळात धनराजला पाहण्यासाठी लोक मैदानावर येत होते आणि त्याला पाहून मुले काठी हाती घेत होती. निवृत्तीनंतरही धनराज पिल्ले यांनी मुंबईत आणि पुढे गुजरातमध्ये मुलांना हॉकी शिकवण्याचे काम केले.

श्रोतेहो, हीरकमहोत्सवानिमित्त शाळेला काय द्यावे, अशी विचारणा माजी विद्यार्थ्यांकडून आपुलकीने होत आहे. संगणककक्ष हवा, ग्रंथालय हवे, नवी इमारत हवी. या सर्व गरजा रास्त आहेत. परंतु आज बहुतेक मराठी शाळांपुढे एक मूक संकट उभे आहे. पटसंख्या टिकवण्यासाठी नव्या खोल्या बांधायच्या म्हटले की प्रथम नजर जाते ती मैदानाकडे. खेळाचा तास हा तर वेळापत्रकातील सर्वांत गरीब तास. गणिताचा अभ्यासक्रम राहिला की तो घ्यावा, स्नेहसंमेलनाची तालीम आली की तो घ्यावा. त्याच्या बाजूने भांडणारे कोणी नसते. मैदानावर काय घडते, ते गुणपत्रिकेत उतरत नाही. म्हणून ते घडतच नाही, असे आपण मानू लागलो आहोत.

धनराजचे चरित्र या समजुतीला उत्तर देते. खडकीच्या वसाहतीतील ते मैदान कोणी हिशोबात धरले नव्हते. आईची संमती, भावाचा आधार, टाकून दिलेल्या काठ्या, शाहिदची केलेली नक्कल यांपैकी कशाचीच नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. त्याच्या गोलांचीही झाली नाही. तरी या नोंद नसलेल्या गोष्टींमधूनच देशाला एक कर्णधार मिळाला. शाळेच्या साठ वर्षांच्या दप्तरात सर्व निकाल नीट बांधून ठेवलेले आहेत. त्या मैदानावर कोण पडला, कोणी त्याला उठवले, कोणी हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेतला, हे मात्र कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही. ते येथे जमलेल्यांच्या स्वभावात सापडेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे मागणे एवढेच आहे. शाळेला जे द्यायचे ते अवश्य द्यावे. पण देताना मैदान शाबूत राहील अशी अट घालावी. खेळाचा तास खेळालाच मिळावा, यासाठी पालकसभेत आवाज उठवावा. मुलींना आणि मुलांना सारखीच काठी, सारखाच चेंडू आणि सारखाच वेळ मिळेल, हे पाहावे. ज्या घरी नवी काठी परवडत नाही, त्या घरच्या लेकराला मोडक्या काठीवर भागवावे लागू नये, यासाठी थोडा निधी राखून ठेवावा. आणि येथे, या नगरीच्या उंच इमारतींमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही रोज संध्याकाळी तासभर मोकळे सोडावे. ती सारीच कर्णधार होणार नाहीत. परंतु पोलंडविरुद्धच्या त्या दोन मिनिटांसारखा प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा येतो. त्यानंतर पुन्हा उभे राहून सरावाला लागायचे असते, हे मैदानावर लहानपणीच शिकता येते.

बालमित्रहो, उद्या शाळेतून परतल्यावर पालकांना खुशाल सांगा, की अभ्यास करू, पण आधी खेळून येऊ. आणि पालकहो, त्या वेळी नाही म्हणण्यापूर्वी आंदाळम्मांची आठवण ठेवा.

शाळेचा हीरकमहोत्सव सर्वांना मंगलमय होवो. जय हिंद, जय महाराष्ट्र!